हिवाळ्यात घाट ओलांडून नोकरीला जाणाऱ्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पनवेल, कामोठे, खारघर येथून बोरघाट चढून लोणावळा, तळेगाव किंवा चाकणला कामावर जाणारे, ठाणे-भिवंडीहून कसारा घाटमार्गे इगतपुरी आणि गोंद्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणारे, आणि वर राहून रोज खाली महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटला उतरणारे अशा सर्वांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. सहलीला जाणारा माणूस धुके पाहून थांबू शकतो, पण हजेरीची वेळ असणाऱ्याला ते सोपे नसते. त्यामुळे येथे विचार केला आहे तो रोजच्या प्रवाशाचा.

पावसाळा संपला की घाटाचा धोकाही संपतो ना?

दरड कोसळण्याचा आणि पाणी वाहण्याचा धोका बहुतांशी संपतो हे खरे आहे. परंतु पावसाळ्यात चालक मुळातच सावध असतो, कारण धोका त्याच्या डोळ्यांसमोर असतो. हिवाळ्यात रस्ता कोरडा दिसतो, हवा आल्हाददायक असते, गाडी तापत नाही, आणि नेमका त्याच काळात वेग नकळत वाढतो. मग एखाद्या वळणापलीकडे धुक्याचा पट्टा अचानक समोर येतो आणि वाढलेला तो वेग आवरण्यासाठी पुरेसे अंतर हाताशी उरत नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही आणि रस्ता गोठत नाही, त्यामुळे ‘आपल्याकडे हिवाळा तो काय’ असे म्हणण्याची सवय आहे. रोज घाट ओलांडणाऱ्याने तरी ही सवय सोडून द्यावी. आपल्या घाटांतला हिवाळा धुके, दव, धूर आणि उशिरा होणारी पहाट या चार रूपांनी येतो.

धुके नेमके कोठे आणि केव्हा धरते?

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिला लागून असलेली हवा थंड होते आणि हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. त्याच वेळी डोंगरउतारांवरची थंड, जड हवा खाली घरंगळत येऊन खोऱ्यात साचते. म्हणून बोरघाटात पुष्कळदा वर खंडाळ्याला तारे स्वच्छ दिसत असतात आणि खाली खालापूर-खोपोलीच्या पट्ट्यात मात्र पुढच्या गाडीचे मागचे दिवेही दिसत नाहीत. या पट्ट्याला ओलावा पुरवणारी पाताळगंगा जवळून वाहते आणि खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी बारमाही तिलाच येऊन मिळते. लोणावळ्याच्या पुढे इंद्रायणीच्या काठाने कामशेत ते तळेगाव या भागातही सकाळी धुके असते. कसाऱ्याकडे शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा यांचे जलाशय आहेत, तर घाटमाथ्यावर इगतपुरी-घोटीच्या आसपास दारणा आणि वैतरणेचे पाणी आहे. त्यामुळे तेथे घाटाच्या खाली आणि वर अशा दोन्ही ठिकाणी धुके भेटू शकते.

वेळेबाबत सांगायचे तर, धुके मध्यरात्रीनंतर वाढत जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास सर्वाधिक दाट असते. सूर्य उगवताच ते विरेल ही समजूत चुकीची आहे, कारण जमीन तापायला वेळ लागतो आणि उगवत्या सूर्याच्या उजेडात धुके पांढऱ्या पडद्यासारखे चमकून दृश्यमानता काही काळ उलट आणखी कमी होते. अवकाळी पाऊस पडून गेल्यानंतर आभाळ मोकळे झाले की दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे धुके हमखास अपेक्षित धरावे.

हवामानशास्त्राच्या भाषेत दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली गेली की धुके म्हणतात आणि २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुके. घाटातल्या वळणांवर २०० मीटर हे अंतर चांगलेच म्हणावे लागेल. खरी कसोटी ५० मीटरच्या आत लागते.

मग निघण्याची वेळ कशी ठरवावी?

या संपूर्ण लेखनातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. धुक्यात वेग कमी करणे आवश्यक आहेच, पण त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे घाटाच्या पायथ्याशी पोहोचण्याची वेळच बदलणे. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो, तरी आपल्या भागात सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यास, साधारण सव्वासातला. संक्रांतीनंतर संध्याकाळ लांबलेली जाणवते, त्यामुळे सकाळही लवकर उजाडत असेल असे वाटते. प्रत्यक्षात सबंध जानेवारी सकाळी सातपर्यंत पुरते उजाडलेले नसते. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाला घर सोडून उजेडात घाट चढणारा माणूस जानेवारीत त्याच वेळी निघाला, तर तेच अंतर तो अधिक अंधारात आणि अधिक दाट धुक्यात कापत असतो.

शक्य असेल तेथे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कामावर पोहोचण्याची वेळ एक तास पुढे ढकलून घ्यावी आणि संध्याकाळी तेवढेच अधिक थांबावे. हे रोज सकाळी फोन करून मागण्यापेक्षा हंगामाच्या आरंभी वरिष्ठांशी बोलून, लेखी मान्य करून घेतलेले बरे. धुक्यामुळे उशीर झाल्यास तो उशीर धरला जाणार नाही, एवढे आधी ठरलेले असेल तर चालकाच्या डोक्यावरचे निम्मे ओझे उतरते. मनुष्यबळ विभागातील वाचकांनी हे विशेष मनावर घ्यावे, कारण घड्याळाकडे पाहत घाट चढणारा कर्मचारी आपण दिलेल्या वेळेसाठी घाई करत असतो.

पाळीच्या कामामुळे वेळ बदलणे शक्य नसेल, तर निदान अर्धा तास आधी निघावे आणि तो वेळ घाटात हळू जाण्यासाठी राखून ठेवावा. धुके अतिदाट असल्यास खालापूरच्या फूड मॉलवर किंवा कसाऱ्याच्या अलीकडे एखाद्या हॉटेलच्या आवारात गाडी उभी करून थांबावे. रस्त्याच्या कडेला थांबणे मात्र टाळावे.

धुक्यात गाडी किती वेगाने चालवावी?

फलकावर लिहिलेली वेगमर्यादा स्वच्छ हवेसाठी असते. धुक्यात मर्यादा ठरते ती आपल्याला दिसणाऱ्या अंतरावरून. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार, चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंतच सुमारे २५ मीटर पुढे गेलेली असते आणि कोरड्या सपाट रस्त्यावरही पूर्ण थांबेपर्यंत एकूण ५० मीटरच्या आसपास अंतर घेते. ताशी ८० ला हेच अंतर ७५ मीटरच्या घरात जाते, तर ताशी ४० ला ते ३० मीटरच्या आत राहते. उतारावर आणि दवाने ओल्या झालेल्या डांबरावर यात भर पडते. म्हणून ५० मीटर दिसत असेल तर ताशी ४० च्या वर जाऊ नये, आणि त्याहून कमी दिसत असेल तर घाटातून बाहेर पडण्याचा किंवा थांबण्याचा विचार करावा.

पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून तिच्या मागोमाग जाण्याची पद्धत फार प्रचलित आहे. यात दिलासा वाटतो, पण तो फसवा असतो. पुढचा चालक रस्त्याकडे पाहत असतो आणि आपण त्याच्याकडे, त्यामुळे त्याचा अंदाज चुकला की आपलाही चुकतो. डाव्या बाजूची पांढरी पट्टी धरून चालवावे आणि मार्गिका बदलूच नये. धुक्यात काच किंचित खाली केली की मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज डोळ्यांच्या आधी कानांना कळतो, हेही ध्यानात ठेवावे.

अप्पर लावावा की डिपर? चारही इंडिकेटर चालू ठेवावेत का?

डिपरच लावावा. अप्परचा झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर परत येतो. फॉग लॅम्प असल्यास डिपरबरोबर जरूर लावावेत, कारण त्यांचा प्रकाश खाली आणि रुंद पडतो. दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिव्यांवर विसंबू नये, कारण अनेक गाड्यांत त्यांच्याबरोबर मागचे दिवे लागत नाहीत.

चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवणे अयोग्य आहे. मागच्याला गाडी उभी आहे की चालत आहे हे समजत नाही आणि आपण वळणार असलो तरी तो इशारा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गाडी थांबवावी लागली किंवा पुढे अचानक सगळे थांबलेले दिसले, तेव्हाच ते लावावेत.

समोरची काच आतून धूसर होते, तेव्हा काय करावे?

ही तक्रार भरलेल्या गाडीत सर्वांत अधिक येते. चार-पाच जण बसलेले, थंडीमुळे काचा बंद, एसीही बंद, आणि सगळ्यांच्या श्वासातले बाष्प थंड काचेवर जमते. भाताण आणि माडपचे बोगदे ओलांडून गाडी खालापूरच्या गारव्यात शिरली की काचेच्या खालच्या कडेपासून पांढुरका थर वर चढू लागतो. चालक हाताने किंवा फडक्याने काच पुसतो, तेवढ्या जागी रेघा उमटतात आणि समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश त्या रेघांवर विखुरतो. पुसल्याने काच काही क्षणच स्वच्छ राहते. एसी चालू करून हवेचा झोत समोरच्या काचेकडे वळवावा, तापमान थोडे उबदार ठेवावे आणि आतली हवा फिरवण्याचे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. एसी हवेतला ओलावा काढून टाकतो, त्यामुळे थंडीतही तो लागतो. काच आतून आठवड्यातून एकदा स्वच्छ पुसून ठेवली तर थर उशिरा धरतो, कारण धूळ आणि तेलकटपणावर बाष्प लवकर बसते.

कधी धूसरपणा बाहेरच्या बाजूने असतो. अशा वेळी वायपर फिरवून पाहावा म्हणजे फरक लगेच कळतो.

सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो. यावर उपाय आहे का?

हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे सरकून उगवतो, आणि पनवेलहून खोपोलीकडे जाणारा द्रुतगती मार्गही साधारण त्याच दिशेने जातो. म्हणून धुके नसलेल्या सकाळीही सूर्योदयानंतरचा पाऊण तास त्रासाचा असतो, विशेषतः बोगद्याच्या अंधारातून बाहेर पडताना. बोगद्यात शिरण्यापूर्वीच काचेच्या वरचे, ऊन अडवणारे झाकण (सन व्हायझर) खाली ओढून ठेवावे, काच डागरहित ठेवावी आणि बोगद्याच्या तोंडाशी पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवावे.

संध्याकाळी घाट उतरताना विशेष काय पाळावे?

संध्याकाळी शरीर थकलेले असते, घराची ओढ असते आणि रस्ता उताराचा असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून इंधन वाचवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तसे केल्यास इंजिनाचा अडसर नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि एका टप्प्यानंतर पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. जळका वास येऊ लागल्यास सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत, त्यांवर पाणी मात्र ओतू नये. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर हाताने निवडण्याची सोय असते आणि ती वापरायला शिकावे. विजेवरील गाडीच्या मालकांसाठी एक सूचना आहे. वर लोणावळ्याला बॅटरी पूर्ण भरून लगेच उतरू लागल्यास चाकांपासून वीज परत घेणारी ब्रेकव्यवस्था कमी काम करते, कारण ती वीज साठवायला जागाच नसते. त्यामुळे बॅटरीत थोडी जागा ठेवून उतरावे.

अरुंद घाटरस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्यास चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमच आहे.

दुचाकीने रोज घाट ओलांडणे योग्य आहे का?

द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे बोरघाटासाठी खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून चढणारा जुना रस्ता उरतो. धनगर शिंग्रोबाने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली अशी कथा आहे, आणि आजही चालक तेथे हात जोडून पुढे जातात. हा रस्ता १८३० साली खुला झाला, वळणे तेव्हाच्या गाड्यांच्या बेताची आहेत आणि चढ खडा आहे. हिवाळ्याच्या पहाटे दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर धूळ आणि गाड्यांतून सांडलेले तेल मिसळून निसरडा थर तयार होतो. रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्या आणि पुलांच्या सांध्यांवरील लोखंड यांवर चाक विशेष घसरते. उन्हाने रस्ता सुकेपर्यंत दुचाकीने घाटात शिरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

जावेच लागले तर हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट यांना पर्याय नाही. खोपोली आणि लोणावळा यांच्या उंचीत अर्ध्या किलोमीटरहून अधिक फरक असल्याने वर तापमान तीन-चार अंशांनी कमी भरू शकते, आणि चालत्या दुचाकीवर वाऱ्यामुळे ते आणखी कमी जाणवते. बधिर झालेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. कानटोपीवर हेल्मेट घालणाऱ्यांनी ते सैल बसत नाही ना, हे तपासावे.

कार्तिक महिन्यात कोकणातून आळंदीकडे निघालेल्या दिंड्या या जुन्या रस्त्याने पहाटेच चालत असतात, आणि नाशिक महामार्गावर शिर्डीला पायी जाणाऱ्या साईभक्तांच्या पालख्या असतात. धुक्यात त्यांचे पांढरे कपडे दिसत नाहीत. रस्त्याच्या डाव्या कडेला माणसे असतील असे गृहीत धरूनच चालवावे.

फेब्रुवारीत घाटात धूर का असतो?

गवत वाळले की डोंगरउतारांवर वणवे लागतात आणि भातशेतीच्या पट्ट्यात रोपांच्या जागेची राबभाजणीही पुढे सुरू होते. संध्याकाळी हवा थंड झाली की हा धूर वर न जाता रस्त्याच्या पातळीवर तरंगत राहतो. धुक्यात मिसळलेला धूर साध्या धुक्याहून उशिरा विरतो. काचा बंद करून, आतली हवा फिरती ठेवून आणि दिवे लावून हा पट्टा सावकाश पार करावा. वणवा रस्त्यालगत आलेला दिसल्यास ११२ वर कळवावे.

समृद्धी महामार्गाने कसारा घाट टाळता येतो का?

चारचाकी असल्यास येतो. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि त्यावरील सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा कसारा घाटाची वळणे चुकवतो. आमणे भिवंडी तालुक्यात असल्याने ठाण्याहून तेथे पोहोचणे सोयीचे आहे. टोलचा खर्च विचारात घेऊनही, डिसेंबर-जानेवारीत पहाटे जाणाऱ्यांनी हा मार्ग निवडावा असे मला वाटते. मात्र बोगद्यात धुके नसते, बोगद्याच्या तोंडाशी आणि दऱ्यांवरील उंच पुलांवर ते असू शकते. मोकळ्या रस्त्यावर वाढलेला वेग घेऊन बोगद्याबाहेर पडू नये. बोरघाट टाळण्यासाठी खोपोलीहून कुसगावकडे आखलेल्या ‘मिसिंग लिंक’लाही हेच लागू होते.

रेल्वे किंवा एसटी अधिक बरी नाही का?

ज्यांचे काम स्थानकापासून फार दूर नाही त्यांच्यासाठी निश्चितच बरी आहे. सकाळी मुंबईहून पुण्याकडे इंद्रायणी आणि इंटरसिटी जातात व संध्याकाळी परततात. याउलट डेक्कन क्वीन, सिंहगड आणि प्रगती यांची वेळ सकाळी खाली येणाऱ्यांना सोयीची आहे, आणि त्यांपैकी प्रगती पनवेलमार्गे धावते. बोरघाटातला चढ ३७ फुटांमागे १ फूट इतका खडा असल्याने कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागतात, पण धुक्यात वळण दिसते की नाही ही चिंता प्रवाशाला करावी लागत नाही. ठाण्याच्या वंदना स्थानकातून स्वारगेटला जाणाऱ्या एसटी गाड्यांचाही विचार करावा. चाकण किंवा गोंद्यासारख्या ठिकाणी शेवटच्या टप्प्याची अडचण येते, तेथे तीन-चार जणांनी मिळून स्थानकापासून रिक्षा किंवा कंपनीची गाडी ठरवणे शक्य असते.

कंपनीच्या बसमध्ये चालक धुक्यातही वेगाने चालवतो. आम्ही काय करू शकतो?

शांतपणे आणि एकमताने सांगावे. ‘दादा, उशीर झाला तर आम्ही सांगू, तुम्ही सावकाश चला,’ एवढे वाक्य पुष्कळदा पुरते, कारण तो बहुधा उशिराचा दंड टाळण्यासाठीच पळत असतो. असा दंड लावला जात असेल तर धुक्याच्या दिवसांत तो रद्द करण्याची मागणी सर्वांच्या सह्यांनी करावी. रात्रपाळी संपवून लगेच पहाटेची फेरी करणारा चालक असेल, तर त्याच्या विश्रांतीचा प्रश्न धुक्याहून अधिक तातडीचा आहे आणि तोही त्याच पत्रात मांडावा.

नाताळच्या आठवड्यात काय करावे?

२५ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात बोरघाटात पर्यटकांच्या गाड्यांमुळे कोंडी होते. शक्य असल्यास रजा किंवा घरून काम घ्यावे.

घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या चढालाही हे लागू आहे का?

अंशतः लागू आहे. तेथे उंची फार नाही, पण एका बाजूला येऊरचे जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाडी असल्याने पहाटे ओलावा असतो, आणि अवजड वाहनांच्या रांगेत धूळ व धूर साचतो. चढावर बंद पडलेला ट्रक हाच तेथला मोठा धोका आहे. त्यामुळे अंतर राखणे आणि उजवीकडून घुसण्याचा मोह टाळणे एवढे पाळले तरी पुरे.

हिवाळ्यापूर्वी गाडीत काय तपासावे?

टायरची हवा थंड सकाळी तपासावी, कारण तापमान दहा अंशांनी उतरले की दाब सुमारे दोन पौंडांनी कमी भरतो. वायपरचे रबर पावसाळ्यात झिजलेले असते, ते बदलावे. मागचे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहावेत.

घाटात गाडी बंद पडली तर?

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि सर्वांनी डाव्या दाराने उतरून लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून दूर उभे राहावे. थंडी वाजते म्हणून गाडीत बसून राहणे धुक्यात सर्वांत घातक ठरते, कारण मागून येणाऱ्याला ती गाडी अखेरच्या क्षणी दिसते. रस्त्यावर ठेवायचा तांबडा त्रिकोण गाडीमागे पुरेशा अंतरावर ठेवावा, पण तो ठेवताना वाहतुकीकडे तोंड करून कडेने चालावे. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि नाशिक महामार्गासारख्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. द्रुतगती मार्गावर कडेच्या फलकावर मदत क्रमांक लिहिलेला असतो आणि तो आधीच फोनमध्ये जपून ठेवावा. फोनवर ‘घाटात आहोत’ असे न सांगता जवळच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा आणि आपण मुंबईच्या दिशेने जात होतो की पुण्याच्या, हे दोन्ही सांगावे. बोरघाटात दोन्ही दिशांचे रस्ते काही ठिकाणी वेगवेगळ्या उंचीवर आहेत, आणि दिशा चुकली तर मदतीच्या गाडीला पुढच्या निकासापर्यंत जाऊन परत यावे लागते.